पडद्यावरचे पाय

पडद्यावर आधी पाय आले. नुसते पाय. घोट्यापाशी पितांबराची किनार, खाली दोन गोरी पावलं आणि मागून शंखाचा आवाज. आता साक्षात देवाचे पाय समोर आल्यावर बाकावर बसून कोण राहील? धुळ्याच्या त्या थेटरात बायकांच्या बाजूला एकच गडबड उडाली. कुणी पदर सावरत उभी राहिली, कुणी ओच्यातून आणलेले तांदूळ उधळले. पुढच्या एका म्हातारीनं तर कापूरच पेटवला, आणि मॅनेजर धावत येईपर्यंत ओवाळूनही घेतलं. ताईबाईला यातलं काही सुचलं नाही. ती दोन बाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, शेंगांच्या टरफलांवर गुडघे टेकून बसली आणि तिनं कपाळ जमिनीला लावलं. चांगलं मन भरेपर्यंत लावलं. ‘माझ्या लेकराला सुखी ठेव’ म्हणाली, कारण देवाकडे दुसरं काही मागायचं असतं हे ती केव्हाच विसरून गेली होती. मग डोकं वर केलं. तोवर चित्र पायांवरून वर सरकत गेलं होतं आणि भिंतभर देवाचं तोंड उभं होतं. मुकुट होता, कपाळाला गंध होतं, गालांवर कसलीशी चमचम होती, आणि उजव्या नाकपुडीवर टोचल्याची बारीक खूण होती. ती खूण ताईबाईनं ओळखली. तिनंच ती पाडून घेतली होती, सोनाराच्या ओट्यावर, पोर मांडीत घट्ट दाबून धरून. देव बोलायला लागला. आवाज जरा जाड केला होता, पण शब्दाच्या शेवटाला हेल काढायची खोड तीच होती. तो चिंधा होता. घर सोडून गेलेला तिचा चिंधा, भिंतीएवढा होऊन, भक्ताला वर देत होता, आणि सगळं थेटर त्याच्यापुढे हात जोडून उभं होतं. ताईबाई मात्र त्या टरफलांवरून उठली नाही.

चिंधा तिसरा. आधीची दोन पोरं राहिली नाहीत. दुसरा मुलगा तापानं फणफणला तेव्हा तिचा नवरा अभिमन साक्रीकडच्या त्यांच्या तेव्हाच्या गावाहून अनवाणी वणीच्या गडावर गेला होता, देवीला नवस बोलला होता, आणि तिथलं कुंकू मुठीत घेऊन तसाच चालत परत आला, तर दारात माणसं जमलेली. त्यानं मूठ उघडून कुणाला दाखवली नाही. विहिरीवर जाऊन हात धुतला. त्या दिवसापासून त्याचे जोडलेले हात सुटले ते सुटलेच. वाद नाही, शिव्या नाहीत, घरातला देव उचलून बाहेर ठेवणं नाही. ती देवळात गेली की हा बाहेर चपला राखत उभा राहायचा. तिसरा झाला तेव्हा सासूनं मृत्यूला फसवायचा सगळा बंदोबस्त केला. पोर उकिरड्यावर ठेवून परत उचललं, नाव चिंधा ठेवलं, म्हणजे असलं फाटकं कापड कोण उचलून नेतो, आणि नाक टोचून त्याला पोरीसारखं केलं. पोर जगलं. आता ते त्या फाटक्या नावामुळे जगलं, की घरच्या देवीच्या, कानबाईच्या कृपेनं, की नुसतं जगायचं होतं म्हणून जगलं, याचा हिशोब ताईबाईनं कधी मांडला नाही. ज्यानं ज्यानं मदत केली असेल त्या सगळ्यांपुढे ती वाकायची. नीट वाकायची, कपाळ टेकवून.

आणि आता तीच चिंध्यापुढे वाकली होती. थेटरातून निघून सातव्या गल्लीतल्या घराकडे चालताना शेजारची कमलबाई सारखी बोलत होती. तिनंच ताईबाईला आग्रह करून तीनच्या खेळाला नेलं होतं. काय ते रूप, काय ते तेज, त्या नटानं म्हणे पूर्वजन्मी काहीतरी पुण्य केलं असणार. ताईबाई नुसती हो हो करत होती. कमलबाईला सांगायचं कसं? नटाचं नाव पाटीवर भलतंच लिहिलेलं, कुणी ओळखलं नव्हतं. आणि सांगून टाकलं असतं तरी पुढचं काय सांगायचं होतं? मोठ्यानं लहानाच्या पाया पडलं की लहानाचं आयुष्य तुटतं, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. थट्टेतसुद्धा कुणी असं करत नाही. चुकून लहानाला पाय लागला तरी मोठं माणूस हात कपाळाला लावत नाही, नुसतं ‘चुकलं’ म्हणतं. आणि इथे आईनं कपाळ टेकवलं होतं, पोटच्या पोरापुढे, तेही जो एकदा मरणाच्या दारातून फसवून आणला त्याच्यापुढे. इतकी वर्षं ज्याला लपवून ठेवला त्याला तिनंच हाक मारून दाखवून दिला, असं तिला झालं. रस्त्यावर टांगे होते, भाजीवाल्या होत्या, सरकीच्या पोत्यांची गाडी चौकात अडली होती. सगळं रोजच्यासारखं चाललेलं पाहून तिला उगीच राग आला.

पुढचे कितीतरी दिवस ती मनातल्या मनात त्या जमिनीवरून उठतच नव्हती. भाकरी थापताना थापायची थांबायची. तिला एक आधार सापडला होता आणि ती त्याला धरून बसली होती. माहेरी, डोंगराकडच्या गावात, भोवाडा व्हायचा. लाकडाचा मोठा रंगवलेला मुखवटा बांधून माणसं देवाची सोंगं घेऊन नाचायची. तिच्या काकानं, छगनकाकानं, एकदा देवीचं सोंग घेतलं होतं. मुखवटा बांधून तो नाचत अंगणात आला तेव्हा त्याची सख्खी आई, ताईबाईची आजी, पुढे झाली आणि त्याच्या पाया पडली. लहानग्या ताईबाईनं तिला पदर धरून मागे ओढलं होतं. आजी मात्र हसली, म्हणाली, अगं, हा काय छगन आहे? छगन पाच दिवस उपाशी आहे, खाली झोपतो, बायकोचं तोंड बघत नाही. छगन बाहेर उभा आहे, आत देवी आली. काका पुढे चांगला म्हातारा होऊन गेला. म्हणजे सोंग खरं असलं, आधी उपास पाळलेला असला, की आत तो माणूस नसतोच. चिंध्यानं उपास केला असेल का? एवढा मोठा देव अंगावर घ्यायचा म्हणजे त्या कंपनीत कुणीतरी सांगितलं असेलच की, कुणीतरी म्हातारं माणूस असेल. पण तिला आपला पोरगा माहीत होता. भूक लागली की भाकरी तव्यावरून उचलून नेणारा. आधार हातात यायचा आणि निसटायचा.

शेवटी तिनं अभिमनला सांगितलं. तो जिनिंग फॅक्टरीतून आला होता, कानात, भुवयांत कापूस, चहा पीत बसला होता. पोरगा पडद्यावर आहे, जिवंत आहे, धडधाकट आहे हे ऐकून त्याची बशी हातात तशीच राहिली. मग पुढचं ऐकलं, तिचं वाकणं, तिची भीती, आणि त्याचा चेहरा मऊ झाला. तो दुसऱ्या कुणाला हसला असता, तिला हसला नाही.

“ते कापड शे,” तो म्हणाला. “तू कापडना पाया पडनी, पोऱ्याना नही.”

किती सरळ होतं. ताईबाईलाही क्षणभर हलकं वाटलं. कापडच तर होतं, वर दिव्याचा उजेड, पलीकडून कुणी पाहिलं तर दोरे दिसतील. पण हलकं वाटता वाटता तिची नजर फळीवर गेली. तिथे लाल फडक्यात कानबाईचा नारळ होता, सासूच्या सासूपासून चालत आलेला. श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, आणि तो नारळ कानबाई होऊन चौरंगावर बसायचा.

“मंग हाऊ नारळ बी नारळच शे का?” तिनं विचारलं.

उत्तर अभिमनकडे होतं, पण ते तिला द्यायचं त्याच्या जिवावर आलं. आणि दोघांनाही एकाच वेळी एका वर्षीचा तो रविवार आठवला. सगळी भाऊबंदकी जमलेली, ताईबाई आरतीचं ताट घेऊन उभी, आणि मिसरूड फुटलेला चिंधा, चार पुस्तकं वाचून आलेला, सगळ्यांसमोर म्हणाला की मी नारळाच्या पाया पडणार नाही, नारळ हा नारळ असतो. तेव्हा अभिमननं त्याच्या कानाखाली मारली होती. गंमत बघा, स्वतः इतकी वर्षं न वाकलेल्या माणसानं. देवासाठी नव्हतं ते. ताईबाईच्या हातातलं ताट हललं, निरांजन विझलं, ते त्याच्यानं पाहवलं नाही. पोरगा त्याच पावली गेला. कुठे म्हणे सुताराच्या हाताखाली लागला, मग नाटकाचे पडदे रंगवायला, मग सिनेमाच्या कंपनीत, असं उडत उडत कळायचं, मग तेही थांबलं. आता पडदा नुसतं कापड म्हणायचा तर नारळ नुसता नारळ, आणि मग पोर हकनाक घराबाहेर गेलं. नारळाला कानबाई म्हणायचं तर पडद्यावर काय होतं? देव की चिंधा? या दोहोंच्या मध्ये ताईबाई अडकून पडली होती आणि कोणीकडेही पाऊल टाकलं की पायाखाली तिचं पोरच येत होतं.

तिनं वाकणं सोडलं. दिवा लावायची, फूल वाहायची, पण मान ताठ. डोळे मिटले की मुकुट घातलेलं चिंध्याचं तोंड समोर यायचं, आणि वाकायचं कसं, पुन्हा त्यालाच वाकल्यासारखं झालं तर? ती हात जोडायची आणि मान आखडल्यासारखी उभी राहायची. अभिमन ओट्यावर विडी ओढत हे बघायचा. त्याला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं, घरात आता दोघं झाली न वाकणारी. पण नाही वाटलं. एका सकाळी तो कधी नव्हे ते झेंडूची फुलं घेऊन आला, फळीखाली ठेवली, आणि जणू भाजीच आणली अशा आवाजात म्हणाला की बाजारात स्वस्त होती. ताईबाईला एकदम रडू आलं. तिनं फुलं वाहिली, पण मान काही वाकली नाही.

श्रावण लागला आणि धुळ्यात दवंडीसारखी बातमी फिरली की थेटरच्या मालकानं त्या चित्रातल्या देवालाच बोलावलं आहे, सत्काराला. मोटारीतून मिरवणूक निघाली. ताईबाई गेली नाही, दार लावून घरात बसली. वाजंत्री चौकापर्यंत आली, थांबली, आणि थोड्या वेळानं गल्लीत चपलांचा आवाज आला. दार वाजलं नाही, ढकललं गेलं. तो लहानपणीही असंच ढकलायचा. आत आला तो साध्या सदरा-धोतरात, उन्हानं रापलेला, भिंतीएवढा तर नव्हेच, उलट तिला वाटला त्यापेक्षा बारीक. तो पाया पडला नाही, ते त्याच्यात नव्हतंच. ती जवळ गेली नाही. दोघं एकमेकांकडे पाहत नुसती उभी राहिली. मग तिनं विचारलं की जेवलास का, आणि त्यानं सांगितलं की नाही, तेव्हा कुठे दोघांना हालचाल करता आली.

पण गल्लीला पत्ता लागला होता. ताटावर बसतोय न बसतोय तोच बायका दारात. पडद्यावरचा देव म्हणजे अभिमनचा चिंधा हे कळून कमलबाईचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, पण ती सगळ्यात पुढे. पलीकडची म्हातारी बेबाबाई तर काठी टाकून सरळ त्याच्या पायांवर कोसळली. तो ‘आजी, आजी, काय हे’ म्हणत पाय आखडत होता, आणि एकीनंतर एक त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाच्या बायका वाकत होत्या. ताईबाईला वाटलं, प्रत्येक बाई त्याच्यातलं थोडं थोडं घेऊन चालली होती. ती उठली, आतून गोधडी आणली आणि भर दुपारी, उकाड्यात, जेवणाऱ्या पोराच्या पायांवर नीट चोहीकडून खोचून टाकली. मग दारातल्या बायकांना म्हणाली की पोर दमलंय, त्याला ताप आहे, उद्या या. दार लावलं.

चिंधा गोधडीकडे बघत राहिला. आईला काय झालंय हे त्यानं बायकांच्या गर्दीतून आत आलेल्या बापाकडे बघून विचारलं, बाप भिंतीकडे बघत होता. मग ताईबाई समोर बसली आणि तिनं आधी एकच गोष्ट विचारली. देवाचं सोंग घेण्याआधी उपास केला होता का? चिंधा खळखळून हसला. उपास कसला, म्हणाला, त्या दिवशी सकाळपासून दिव्यांच्या उकाड्यात उभा होतो, पाव आणि अंडी खाल्ली तेव्हा कुठे त्या मुकुटाचं ओझं पेललं. हसता हसता त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं आणि हसू थांबलं. ताईबाईच्या तोंडावरचं होतं नव्हतं तेवढं रक्त उतरलं होतं. मग तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, टरफलांवर टेकवलेल्या कपाळापासून. “मी तुना पाया पडनी,” ती शेवटी म्हणाली.

देव नाही, सोंगाला काही अर्थ नाही, पाया पडल्यानं आयुष्य कमी होत नाही, हे सगळं चिंध्याला येत होतं. याच गोष्टी तर त्यानं एकदा या घरात मोठ्यानं सांगितल्या होत्या. आता तो गोधडीवरून हात फिरवत होता, तिच्यावरचे टाके चाचपत होता. ताईबाई त्याच्याकडे बघत होती, म्हणून तिला दिसलं, बोलण्याआधी तो जरा थांबला होता.

“माय,” तो म्हणाला, “तू कव्हळ वाकनी? पाय दिसनात तव्हळ?”

“हां. तोंड मी नंतर देखं.”

“मंग झायं. त्या पाय मना नव्हतातच.”

त्यानं गोधडीतून उजवा पाय बाहेर काढला. अंगठ्यापासून घोट्याकडे गेलेला विळ्याचा व्रण, भेगा पडलेल्या टाचा. हे असले पाय देवाला चालतात का, म्हणाला. कंपनीनं देवाच्या पावलांसाठी दुसराच पोरगा आणला होता, गोरागोमटा, पाय लोण्यासारखे. तोंड माझं, पाय त्याचे, सिनेमात असंच चालतं.

ताईबाईनं त्या व्रणाकडे पाहिलं. पडद्यावरच्या पावलांना व्रण नव्हता, ते तर तिला पक्कं आठवत होतं. आणि तिला हेही आठवत होतं की पडद्यावर त्याच्या नाकाची खूण दिसली तरी कपाळावरची देवीच्या आजाराची खळगी मात्र कुठे दिसली नव्हती. रंगात बुजली असणार. व्रण बुजवायला कितीसा रंग लागतो? आणि तो जरा थांबला होता. हे सगळं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याच वेळी छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलल्यासारखं झालं होतं, आणि पोरगा तिच्याकडे असा बघत होता, लहानपणी भाकरी चोरून आणल्यावर तिनं रागावू नये म्हणून बघायचा तसा. तिनं ते खरं मानायचं ठरवलं. नारळाला कानबाई म्हणताना दरवर्षी ठरवायची तसंच. तिनं सुस्कारा सोडला, पदरानं तोंड पुसलं, आणि मग एकदम थबकली.

“त्या पोऱ्यानं नाव काय?” तिनं विचारलं.

चिंध्याला हे अपेक्षित नव्हतं. “पुना,” तो म्हणाला.

“त्याले माय शे का?”

चिंध्यानं नुसती मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

कानबाईचे रोट, तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, करायचे म्हणजे आधी गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, ती घरधन्यानं आपल्या हातानं टाकायची, ज्याचा वाटा त्याचं नाव घेऊन, आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे, परक्याला त्यातला घास नाही. अभिमन पाया पडत नसला तरी हे काम त्यानं कधी टाळलं नव्हतं. पोरगा गेल्यापासून तो आपल्या नावाची मूठ टाकायचा, मग जरा थांबायचा, तेव्हा ताईबाई मुद्दाम चुलीकडे वळायची, आणि तिच्या पाठीमागे सुपात आणखी गहू पडल्याचा आवाज यायचा. नाव न घेता पडायचे. या वेळी शनिवारी सकाळी पोतं उघडलं तेव्हा ताईबाई चुलीकडे वळली नाही. अभिमननं आपली मूठ टाकली. मग दुसरी भरली आणि खाकरून, मोठ्यानं म्हणाला, “चिंधा.” भिंतीला टेकून बसलेल्या चिंध्यानं मान खाली घातली.

अभिमन हात झटकून उठायला लागला.

“आजून एक मूठ टाका,” ताईबाई म्हणाली.

“कोना नावनी?”

“जेना पाय शेतस, त्या पोऱ्यानी. मी त्याना पाया पडनी. त्याना जीवले काही व्हवाले नको.”

अभिमन तिच्याकडे बघत राहिला. घरच्यांचे रोट, त्यात कुठल्या कोण परक्याची मूठ, असलं तिनं जन्मात केलं नव्हतं. मग त्यानं पोराकडे पाहिलं. पोरगा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता, खोटं बोलला की लहानपणीही तो हेच करायचा, आणि ते अभिमनला माहीत होतं, ताईबाईलाही माहीत होतं. अभिमन पुन्हा खाली बसला. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरली, आपल्यासाठी भरली होती त्यापेक्षा चांगली दाबून.

“पुना,” तो म्हणाला, आणि गहू सुपात सोडले.

मूठ जरा जास्तच भरली होती. दाणे सुपाबाहेर उडाले, ताईबाईच्या पावलांपाशी सांडले. चिंधा पुढे सरकला आणि एकेक दाणा वेचायला लागला. वेचायला लागावा त्याहून त्याला जास्त वेळ लागत होता. वाकता वाकता त्याचं कपाळ तिच्या पावलाला लागलं आणि तिथेच राहिलं. ताईबाईनं पाय मागे घेतला नाही. मुद्दाम की चुकून, तेही तिनं विचारलं नाही. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला.

“शंभर वरीस जगजो,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “तो बी.”